शिवराम दप्तरी आणि सुट्या पानांचा ग्रंथ

शिरवण्याच्या शिवराम मढवीला या जगात दोन गोष्टींची चीड होती. कुणी शिपाई म्हटलेलं त्याला खपायचं नाही, आणि सुटा कागद दिसला की त्याचं डोकं फिरायचं. शिपाई म्हणणाऱ्याला तो शांतपणे समजावून सांगे, "शिपाई चा आनतो. दप्तरी दप्तर बांधतो. मी दप्तरी हाय." आणि मग उठून चहाही तोच आणे, कारण वाशीच्या त्या कचेरीत शिपायाची जागा मंजूर होती पण कुणी भरलेली नव्हती.

सुट्या कागदाच्या बाबतीत मात्र तो समजावत बसत नसे. सरळ दाभण काढी. घरातली विजेची बिलं, मुलीची प्रगतिपुस्तकं, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळं त्याने शिवून, पुठ्ठा लावून फळीवर उभं केलं होतं. कॅलेंडरचं पान फाडायची घरात कुणाला परवानगी नव्हती. १९६८पासून आलेल्या लग्नपत्रिकांचा तर एक जाडजूड ग्रंथच होता. गावात कुणाचं लग्न कोणत्या साली झालं यावर भांडण लागलं की दोन्ही बाजूंची माणसं मढव्याच्या ओटीवर येत आणि तो ग्रंथ काढून निकाल देई. त्याची बायको गिरजाबाई म्हणायची, "एक दिवस झोपेत मना पन चादरीला शिवून टाकाल तुमी."

हे वेड त्याला जन्मजात नव्हतं. नव्या शहरासाठी खाडीकाठची भातशेती घेतली गेली, तेव्हा चावडीसमोर ज्यांची जमीन गेली त्यांची यादी वाचली. तीत शिवरामच्या बापाचं, पंढरी मढव्याचं, नाव नव्हतं. म्हातारा बांधावर उभा राहून म्हणाला, "मंग ह्यो भात कोनी लावला? भुतानं?" त्यावर त्याच्याकडे कागद मागितला गेला, आणि कागद नव्हता. चार वर्षांनी कुठल्याशा कचेरीत कपाट हलवताना त्यामागे तो कागद सापडला. गठ्ठ्याला नुसती आडवी दोरी होती आणि मधलं एक पान निसटलं होतं, एवढीच गोष्ट. तोवर पंढरी वारला होता. ज्याने उभा जन्म त्या चिखलात काढला तो माणूस सरकारदप्तरी बिनशेतीचा म्हणून मेला, याचं शिवरामला फार वाईट वाटलं. त्या दिवसापासून त्याने सुट्या पानाशी वैर धरलं.

कागद सापडला म्हणून जमिनीच्या बदल्यात एक नोकरी निघाली. साहेबाने विचारलं, काय येतं? शिवराम म्हणाला, "मासलीचं जालं विनतो, फाटलं तं शिवतो." साहेबाने विचार करून लिहिलं: दप्तरी. ते साल होतं १९७६. त्याच साली आपला देश एका आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला होता. नामशेष होत चाललेल्या प्राण्यांचा आणि झाडांचा देशोदेशीचा व्यापार आवरायचा, असा तो करार. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांतून आणि गोदामांतून पर्सा, पट्टे, शंखांच्या वस्तू, पिसं, जडीबुटी असा पुष्कळ माल परदेशी जायचा. त्यात करारातलं एखादं जनावर लपून चाललंय का हे बघायला वाशीत तीन खोल्यांची एक कचेरी उघडली. त्या कचेरीत शिवराम लागला.

लागला म्हणजे हंगामी लागला. सरकारची हंगामी नेमणूक सहा महिन्यांची असे. सहा महिने भरले की संध्याकाळी त्याच्या हातात एक कागद पडे: आपली सेवा आज समाप्त होत आहे. एक दिवस मध्ये जाई, आणि परवा नवा कागद: आपली नेमणूक करण्यात येत आहे. मधल्या दिवशी शिवराम सरकारचा कुणीही नसे. तरी तो सायकल मारत कचेरीत येई आणि बाहेर पायरीवर बसून राही. आत कुणाला फाईल सापडली नाही की खिडकीतून विचारत, आणि तो पायरीवरूनच सांगे, "डावं कपाट, तिसरा कप्पा." आठ वर्षांत त्याला सोळा वेळा काढलं होतं आणि सतरा वेळा घेतलं होतं. ते तेहतीस हुकूम त्याने अर्थातच शिवून ठेवले होते. गिरजाबाई विचारायची, "सरकार तुमाला बायकोसारकं वर्साला दोनदा सोडतंय नि दोनदा करतंय. एकदा नीट ठेवून का घेत नाय?"

हा प्रश्न शिवरामच्याही काळजाला लागलेला होता. त्याला कायम व्हायचं होतं. पगार तेवढाच राहणार होता. पण बाप कागदावर नव्हता, निदान आपण तरी असावं, असं त्याला वाटे. १९८४च्या दिवाळीनंतर त्याची कायम करायची फाईल मुंबईच्या मुख्य कचेरीत गेली, आणि तिथून काही येईना.

आलं ते भलतंच. १९८५च्या जानेवारीत परदेशातून एक पार्सल आलं. करारातल्या प्राण्यांची ओळखपुस्तिका. दोन जाड खंड, आणि दर पानावर एक प्राणी: चित्र, कुठे राहतो, त्याचं कातडं, कवच, शिंग, पीस कसं दिसतं, त्याचं काय बनवून विकतात आणि कोणत्या साध्या जनावराशी गल्लत होते. निरीक्षक नंदिनी कारखानीस या पुस्तकाची दोन वर्षं वाट बघत होती. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेली, सव्वीस वर्षांची, गळ्यात भिंग अडकवून गोदामं पालथी घालणारी ही मुलगी आजवर केवळ आठवणीच्या आणि आवाजाच्या जोरावर लढत होती. व्यापारी अजगराच्या कातड्याकडे बोट दाखवून "मॅडम, रेक्झिन आहे" म्हणत, आणि दाखवायला तिच्याकडे पान नसे. आता पान आलं होतं. पण नशीब असं, की दुसऱ्याच दिवशी तिला तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला डेहराडूनला जायचं होतं. तिने दोन्ही खंड कपाटात ठेवले, कार्यालयीन अधीक्षक रावसाहेब जगदाळ्यांना म्हणाली, "हे जिवापाड जपा," आणि गेली.

रावसाहेब मूळचे फलटणकडचे. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी स्वतःच्या बुद्धीने एकही निर्णय घेतला नव्हता आणि याचा त्यांना सार्थ अभिमान होता. सेवानियम त्यांना पोटनियमांसकट तोंडपाठ होते. जनावरांशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं.

नंदिनी गेल्याच्या तिसऱ्या दिवशी शिवरामने धूळ पुसायला कपाट उघडलं आणि पहिला खंड हातात घेतला. त्याचा अंगठा कुठेतरी दाबला गेला. खट्ट आवाज झाला, आतल्या तीन लोखंडी कड्यांनी आ वासला, आणि वरच्या पंख्याने उरलेलं काम केलं. कासवं टेबलाखाली गेली, बगळे खिडकीपाशी पोचले, एक मगर रावसाहेबांच्या मांडीवर उतरली. दोन तास रांगून शिवरामने ती सगळी पानं गोळा केली आणि आकड्यांप्रमाणे लावली.

"सायेब," तो म्हणाला, "भायेरच्या लोकांनी बांधायचं ठेवलंय. नुसते चिमटे लावून धाडलंय."

रावसाहेबांनी कड्या उघडून-मिटून बघितल्या. असलं पुस्तक त्यांनीही आजवर पाहिलं नव्हतं. "प्रवासात पानं हलू नयेत म्हणून लावले असतील," ते म्हणाले. "बाई तर जपा म्हणून गेल्यात. मागणीपत्र भर."

शिवरामने मागणीपत्र भरलं: मेणदोरा दोन रिळं, मैदा अर्धा किलो, मोरचूद पन्नास ग्रॅम, लाल कापड दीड मीटर. रावसाहेबांनी सही केली. नियमात दप्तरीने पुस्तकं बांधावीत असं स्पष्ट होतं, त्यामुळे हा त्यांनी घेतलेला निर्णय नव्हताच.

पहिल्या पानावर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की ही पुस्तिका मुद्दाम सुटी ठेवली आहे, करारात बदल होतील तशी नवी पानं पाठवली जातील, जुनी काढून ती घालावीत. शिवरामला इंग्रजी आकडे वाचता येत, अक्षरं लावायला वेळ लागे, आणि एवढं मोठं वाक्य लावण्याइतका वेळ त्याच्याकडे नव्हता.

पुढचे पंधरा दिवस तो त्या पुस्तकात राहिला. पानांच्या कडेला भोकं होती. ती त्याला उंदरांनी खाल्ल्यासारखी दिसत होती, म्हणून ती कड त्याने पट्टी धरून नीट कापून टाकली. मैद्याची खळ शिजवली, झुरळं लागू नयेत म्हणून तीत मोरचूद घातलं. सोळा-सोळा पानांचे जुजू, म्हणजे शिवायचे गठ्ठे, केले, दाभणाने टोचले, मेणदोऱ्याने ओवले आणि शिकंज्यात आवळले. दोन्ही खंडांचा मिळून एकच ग्रंथ झाला, कारण एकाच संसाराची दोन घरं करणं त्याला पटेना. लाल कापड चढवलं. उरला कणा. एवढ्या भारी पुस्तकाच्या कण्याला कापड टिकणार नाही, तिथे चामडंच हवं.

मागच्या खोलीत टेबलाखाली एक पत्र्याची ट्रंक होती. निकाल लागलेल्या प्रकरणांतले नमुने तीत पडून असत. मुख्य कचेरीचा हुकूम आला की ते जाळायचे होते, पण हुकूम कधी येत नव्हता. त्यात शिवरामला वीतभर रुंदीची एक पट्टी सापडली. लालसर, चकचकीत, अंगावर बारीक नक्षी. बाकी प्रत्येक नमुन्याला चिठ्ठी होती, हिची कुठेतरी गळून पडली होती. चिठ्ठी नाही म्हणजे ही कुणाची नाही, असा त्याने हिशेब केला. कण्यावर ती अशी बसली की जणू तिथेच वाढली होती. त्याने ग्रंथ सगळ्या बाजूंनी बघितला. आयुष्यात एवढं चांगलं काम आपल्या हातून झालं नव्हतं आणि पुन्हा होणार नाही, हे त्याला कळलं. त्याला फार आनंद झाला. घरी जाऊन त्याने गिरजाबाईला नुसतं सांगितलं, "जालं एकदाचं," आणि दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी सकाळी नंदिनी परत आली. तिने कपाट उघडलं. लाल पुस्तक उचललं, मधून उघडलं, कड्यांच्या जागी टाके बघितले, आणि मिटलं.

"हे कुणी केलं?"

शिवराम हसत पुढे झाला. शाबासकी घ्यायला माणूस जसा उभा राहतो तसा उभा राहिला.

"शिवराम, याची पानं काढता-घालता आली पाहिजेत हो! नव्या पानांचं पाकीट आलंसुद्धा आहे. आता ती मी घालू कुठे?" बोलता बोलता तिचा हात कण्यावर गेला आणि थांबला. तिने गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं. मग पुस्तक टेबलावर ठेवलं, त्यातलं एक पान उघडलं, पान बघितलं, कणा बघितला, पुन्हा पान बघितलं. दर खवल्याभोवती बारीक दाण्यांची माळ.

"रावसाहेब," ती हळूच म्हणाली, "दार लावून घ्या. हे पुस्तक घोरपडीच्या कातड्यात बांधलंय."

"मंग?" शिवराम म्हणाला.

"मग काय! घोरपड या पुस्तकातच आहे. अगदी कडक बंदी असलेल्यांत. जिचं कातडं पकडायला हे पुस्तक आणलं, तिच्याच कातड्यात ते बांधलंत तुम्ही."

"घोरपड?" शिवरामला हे मुळीच मान्य होईना. "बाई, घोरपड मी लहानपनी बांधावर रोज बगायचो. ती अशी लाल नसते."

"रंगवलंय ते!"

रावसाहेबांची पाचावर धारण बसली होती. त्याला आणखी एक कारण होतं. मुख्य कचेरीतले उपसंचालक श्यामसुंदर सबनीस आज दुपारी बारा वाजता येणार होते. ओळखपुस्तिकेत नवी पानं घातली की नाही हे तपासायला, आणि येताना बॅगेत शिवरामची कायम करायची फाईल घेऊन. घड्याळात अकरा वाजले होते. शिवरामने कणा काढून देतो म्हणून सांगितलं, पण आपलीच खळ त्याला ठाऊक होती. ती भिजवून सुटायला दोन दिवस लागले असते.

रावसाहेबांनी मग शाळेच्या पहिल्या दिवशी आईबाप करतात ते केलं. खाकी कागद आणला, पुस्तकाला कव्हर घातलं, वर चौकोनी चिठ्ठी चिकटवली. "कुणी काही बोलायचं नाही," ते म्हणाले. "शिवराम, तू तर मुळीच नाही. फाईलवर सही होईपर्यंत तुला वाचा नाही असं समज."

शिवरामने मान हलवली. त्याला आता सगळं कळलं होतं. आठ वर्षं ज्या कागदाची वाट बघितली तो आज येणार होता, आणि त्याच दिवशी त्याने हे करून ठेवलं होतं.

सबनीस साहेब बारा वाजून दहा मिनिटांनी आले. आपल्याला माहीत नाही असं काही जगात असू शकतं हे त्यांनी कधी मान्य केलं नव्हतं. त्यांनी फाईल टेबलावर ठेवली, तिच्यावर कोपर टेकलं आणि पुस्तक मागवलं. खाकी कव्हर बघून म्हणाले, "व्हेरी गुड. जपता तुम्ही." उघडल्यावर मात्र त्यांच्या कपाळाला आठी पडली. "हे शिवलेलं कसं?"

"परदेशातून असंच आलं, साहेब," रावसाहेब म्हणाले. अठ्ठावीस वर्षांतलं ते त्यांचं पहिलं धडधडीत खोटं होतं.

सबनीसांनी मान डोलावली. "बरोबर. दोन्ही आवृत्त्या निघतात. मला कल्पना आहे."

नंदिनीने खिडकीबाहेर बघितलं. शिवराम चहाचा ट्रे घेऊन दाराशी उभा होता. सबनीसांच्या कोपराखाली त्याला आपल्या फाईलची कड दिसत होती. रावसाहेबांनी नव्या पानांचं पाकीट पुढे करून, साहेब, यावर मार्गदर्शन हवं होतं, वगैरे सुरू केलं, आणि सगळं निभावलंही असतं. पण सबनीसांना पुस्तकाचा मोह पडला. ते पुन्हा पुन्हा उघडून बघायला लागले.

"काय बांधणी आहे! एक टाका इकडचा तिकडे नाही. बघा मिस कारखानीस, याला म्हणतात काम. पुस्तक टेबलावर टाका, आपोआप उघडं राहतं. आणि आपले दप्तरी! दोन टाके घालतात की चहाला पळतात. आपल्या माणसाच्या हातून हे शंभर वर्षांत व्हायचं नाही."

शिवरामने ट्रे खाली ठेवला. बोलू नकोस, असं तो स्वतःला सांगत होता. गिरजाबाई डोळ्यांसमोर आली, तेहतीस हुकूम आले. पण पंधरा दिवस ज्या कामावर जीव लावला ते डोळ्यांदेखत कुणा भलत्याच देशाच्या नावावर चढत होतं, आणि ते त्याला सहन होईना.

"सायेब," तो म्हणाला, "ती शिवन माजी हाय."

"काय?"

"माजी हाय. परदेशाची नाय. शिरवन्याची हाय." आणि आपण शब्दाचे खोटे नाही हे दाखवायला त्याने पुढे होऊन खाकी कव्हर ओढून काढलं. "बगा ना. कना बगा. ह्यो असा कना तिकरं कोन बसवंल?"

लाल कापड आणि चकचकीत कणा उन्हात आला. सबनीसांनी त्यावरून बोटं फिरवली. "वा," ते म्हणाले. "कुठलं चामडं हे?"

नंदिनीने रावसाहेबांकडे बघितलं, रावसाहेबांनी छताकडे. खोटं बोलणं तिला जमण्यातलं नव्हतं. "घोरपड, सर," ती म्हणाली. "यातच पान आहे. दाखवू?"

सबनीसांनी हात असा मागे घेतला, जणू घोरपड जिवंत होती. मग ते उभे राहिले, आणि पुढची दहा मिनिटं त्या तीन खोल्यांत दुसऱ्या कुणाचा आवाज नव्हता. आंतरराष्ट्रीय करार, देशाची अब्रू, मूर्खांचा बाजार, सगळं झालं. आजच्या आज वर कळवतो, चौकशी लावतो, असं ते म्हणाले, तेव्हा नंदिनीने अतिशय नम्रपणे सांगितलं की कातडं ट्रंकेतलं आहे, आणि ती ट्रंक जाळायची परवानगी मागणारी चार पत्रं साहेबांच्याच कचेरीत उत्तराविना पडून आहेत. चौकशीत तीही निघतील.

सबनीस खाली बसले. पाणी प्यायले.

"ठीक आहे. वर जायला नको. पण या माणसाला शिक्षा झाल्याशिवाय मी इथून हलणार नाही. जगदाळे, याच्या सेवापुस्तकात ताकीद लिहा. लाल शाईने. आत्ता, माझ्यासमोर."

"लिहिली असती साहेब," रावसाहेब म्हणाले. "पण त्याला सेवापुस्तक नाही. हंगामी माणसाला सेवापुस्तक उघडत नाहीत."

"मग काढून टाका!"

"काढायला कारण लिहावं लागेल. कारण लिहिलं की ट्रंक आली." रावसाहेबांचा चेहरा नियम वाचून दाखवताना असे तितकाच कोरा होता. "तशी त्याची मुदत मेमध्ये संपतेच आहे. पण ती शिक्षा होत नाही, साहेब. ती त्याला सोळा वेळा झालेली आहे. त्याला सवय आहे."

"म्हणजे या माणसाने एवढं करून याला काहीच होणार नाही?"

"व्हायला पाहिजे साहेब. माझंही तेच मत आहे. पण ताकीद लिहायची तर सेवापुस्तक हवं. सेवापुस्तक उघडायचं तर माणूस कायम हवा." रावसाहेबांनी टेबलाकडे बघितलं. "फाईल आपल्या कोपराखालीच आहे."

शिवराम दाराशी मान खाली घालून उभा होता. ताकीद, काढून टाका, मुदत एवढेच शब्द त्याच्या कानात शिरत होते. घरी काय सांगायचं याचीच जुळवाजुळव त्याच्या मनात चालली होती. त्यामुळे सबनीसांनी फाईल ओढून, संतापाने पेनाचं निब कागदात रुतेल अशी सही केली, ती त्याने पाहिलीच नाही. नंदिनीने तोंडाला रुमाल लावला होता. तिला खोकला आला असावा असं त्याला वाटलं.

पुस्तक पुन्हा सुटं करून पंधरा दिवसांत दाखवायचं, कणा चिठ्ठी बांधून ट्रंकेत टाकायचा, असे हुकूम सोडून सबनीस गेले. शिवरामने ते पुढे पाळलेही. आपलेच टाके आपल्या हाताने कापताना त्याला रडू आलं. जुनी भोकं त्याने कापून टाकली असल्याने नवी भोकं मजकुरातूनच पाडावी लागली. तेव्हापासून त्या कचेरीत एका बगळ्याला डोळा नव्हता आणि तीन कासवांच्या पाठीतून आरपार दिसत असे. तरी पान एकही कमी भरलं नाही.

पण ते नंतर. त्या सोमवारी दुपारी रावसाहेबांनी कपाटातून एक कोरं सेवापुस्तक काढलं आणि शिवरामला समोर बसवलं. आठ वर्षांत त्या टेबलासमोर तो पहिल्यांदाच खुर्चीवर बसला.

"पूर्ण नाव?"

"शिवराम पंढरी मढवी."

रावसाहेबांनी मोठ्या वळणदार अक्षरांत लिहिलं. जन्मतारीख, गाव, उंची. "ओळखीची खूण?"

शिवराम गोंधळला. नंदिनीने त्याचा डावा हात धरून उताणा केला आणि भिंगातून बघितला. "तळहातावर दाभणाचा व्रण," ती म्हणाली. "लिहा." मग पाची बोटांचे ठसे झाले, सही झाली. पुढच्या पानावर रावसाहेबांनी काळ्या शाईने पहिली नोंद केली: कायम. दौत बदलून खाली लाल शाईने दुसरी: सरकारी ग्रंथ विनापरवाना व निषिद्ध कातड्यात बांधल्याबद्दल सक्त ताकीद.

"ह्ये काय लिवलं?" शिवरामने विचारलं. रावसाहेबांनी दोन्ही ओळी वाचून दाखवल्या. शिवराम म्हणाला, "पुन्यांदा वाचा." पहिली ओळ त्याने तीन वेळा वाचून घेतली. दुसरीला त्याची काही हरकत नव्हती.

त्या दिवशी तो सायकल हातात धरून चालतच शिरवण्याला गेला. गिरजाबाई ओटीवर तांदूळ निवडत होती. त्याचा चेहरा बघून तिने सूप खाली ठेवलं.

"काय जालं? काढला का काय?"

शिवराम तिच्याशेजारी बसला. डोळे पुसले, पण ते पुन्हा भरून येत होते.

"नाय गं," तो म्हणाला. "माजा गुन्हा लिवून घेतलाय त्यांनी. बापाच्या नावासकट, पक्क्या बुकात. आता सरकार मना काढू शकत नाय. नुसतं ओरडू शकतं."